पृथ्वी ओढते म्हणजे नक्की काय करते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी दहावीत गेलीय, विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण, आणि तिने विचारलं की पृथ्वी आपल्याला ओढते तर कशाने ओढते, मधे दोरी नाही, हात नाही, काहीच नाही. वर मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला, त्यात म्हणे आइन्स्टाइनच्या मते ओढाओढी होतच नाही, जागाच वाकते. पुस्तक एक सांगतंय, व्हिडिओ दुसरंच, तुम्ही स्वतः कॉमर्सचे, मग पोरीला सांगायचं काय.

मी २६ वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय, मराठवाड्यात, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. सविस्तर लिहितो, कारण दोन ओळीत सांगितलं की मुलं मान हलवतात आणि डोक्यात काहीच जात नाही हे मी खूप वेळा बघितलंय.

पहिलं म्हणजे तिचा प्रश्न एकदम बरोबर आहे. न्यूटनलाही तो पडलेलाच होता. १६८७ साली त्याचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ आला, त्यात त्याने किती जोराने ओढतं त्याचा हिशोब दिला, पण कशाने ओढतं ते दिलं नाही, आणि १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर सरळ लिहिलं की याचं कारण मला सापडलेलं नाही आणि मी उगाच कल्पना रचत बसणार नाही. त्यामुळे तिला सांगा की बाई, तुझा प्रश्न न्यूटनने उघडा ठेवला होता, त्याचं उत्तर यायला २०० च्या वर वर्षं लागली. मी वर्गात "किती" आणि "काय" हे दोन प्रश्न फळ्यावर दोन बाजूंना लिहितो. दहावीचा धडा "किती"चा आहे. व्हिडिओ "काय"चा आहे. गोंधळ होतो तो दोन्ही एकाच दमात सांगायला गेलं की.

पण दोन्हीच्या आधी एक गोष्ट हाताने करून बघायची, ती केल्याशिवाय पुढे जाऊच नका.

एक लिटरची प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, बुडाजवळ दोन भोकं पाडा, बोट लावून ठेवा, पाणी भरा, झाकण लावू नका. आता बोट काढलं की दोन धारा लागतात, बरोबर? तशीच धारा वाहत असताना बाटली दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडून द्या आणि मुलीला खाली उभं करून धारांकडे बघायला सांगा, नाहीतर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट करा. बाटली हातातून सुटली त्या क्षणी धारा बंद. भोकं उघडी आहेत, पाणी आत आहे, तरी एक थेंब बाहेर येत नाही. सहा मीटर पडायला सेकंदाच्या जरा वर वेळ लागतो, तेवढा सगळा वेळ पाणी बाटलीतच बसून असतं आणि आपटल्यावर मग सगळीकडे उडतं.

का बंद झालं? आधी पाणी का वाहत होतं ते बघा. तुमच्या हाताने बाटली अडवून ठेवली होती, वरचं पाणी खालच्या पाण्यावर रेलून होतं, त्या दाबाने धार येत होती. बाटली आणि पाणी दोघंही सोबत पडायला लागले की कुणी कुणावर रेलायचा प्रश्नच राहिला नाही. पृथ्वीची ओढ कुठे गेली नाही, तेवढीच आहे, गेलं ते वजन. आणि इथेच ती गोष्ट आहे जी मला या सगळ्या उत्तरात सांगायचीय: आपल्याला गुरुत्वाकर्षण कधीच जाणवत नाही, जाणवतो तो जमिनीचा रेटा. खुर्चीत बसलात तर खुर्ची तुम्हाला खालून ढकलते, उभे राहिलात तर फरशी तळपायाला ढकलते, त्यालाच आपण "वजन जाणवतं" म्हणतो. तो रेटा काढून घ्या, मागे काही उरत नाही. जत्रेतल्या पाळण्यात वरून खाली येताना पोटात गोळा येतो तो यामुळेच, खालचा पाटा तुम्हाला नेहमीइतका ढकलत नाहीये.

हे कळलं की अंतराळवीर का तरंगतात ते आपोआप कळतं. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा सगळ्या पोरांनी ते तरंगताना पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारलं का तरंगतात, तर एकजात सगळे म्हणाले की सर तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. स्थानक आहे जेमतेम ४०० किलोमीटर वर. म्हणजे इथून मुंबईपेक्षाही जवळ! तिथे पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास ९० टक्के आहे. ते तरंगतात कारण ते आणि स्थानक दोघंही सतत पडतायत, आपल्या बाटली आणि पाण्यासारखे, फक्त आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर असल्यामुळे पडता पडता पृथ्वीची गोलाई खालून निसटत जाते आणि साधारण दीड तासात एक फेरी होते. दुसरा गैरसमज हवेचा. चंद्रावर हवा नाही म्हणून गुरुत्वाकर्षण नाही, असं बारावीची पोरंसुद्धा लिहितात. हवेचा काही संबंध नाही, चंद्रावर इथल्या सहाव्या हिश्शाएवढी ओढ आहे, बिनहवेची.

आता "किती". जड वस्तू आधी पडते हे डोक्यातून काढायला दहा रुपयाचं नाणं घ्या, त्याच्यापेक्षा जरा लहान कागदाची चकती कापा, चकती नाण्यावर ठेवून नाणं आडवं सोडा. दोन्ही सोबत खाली येतात. चकती एकटी सोडली की भिरभिरत येते, म्हणजे तिला अडवत होती ती हवा. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने १९७१ मध्ये चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबर पडले, तो व्हिडिओ नक्की दाखवा.

पण मला त्याहून जास्त आवडतो तो गॅलिलिओचा नुसता विचार, प्रयोगच नाही. समजा जड दगड भराभर पडतो आणि हलका हळू. दोघांना दोरीने बांधा. हलका मागे राहणार, जडाला मागे खेचणार, म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा हळू पडली पाहिजे. पण जोडीचं वजन तर एकट्या जडापेक्षा जास्त, म्हणजे ती जास्त भराभर पडली पाहिजे. एकाच वेळी हळू पण आणि भराभर पण? जमत नाही, म्हणजे सुरुवातीला धरलेलंच चुकीचं. मुलीला हे लगेच सांगून टाकू नका, जेवताना कोडं म्हणून घाला आणि तिचं तिला अडकू द्या.

का बरोबर पडतात ते मी बैलगाडीवरून सांगतो. गाडीत दुप्पट ओझं टाकलं आणि बैलही दुप्पट जुंपले तर गाडी तशीच चालणार. वस्तू जितकी जड तितकी तिच्यावर ओढ जास्त, हे झाले बैल, पण तितकीच ती हलायला नाखूष, हे झालं ओझं. दोन्ही नेमके सारखे वाढतात म्हणून सगळं एकाच त्वरणाने पडतं, सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंदाने वेग वाढत जातो. आता हे "नेमके" नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं यावरच उभं आहे. ओझ्याइतकेच बैल दरवेळी कोण मोजून जुंपतं? मायक्रोस्कोप नावाचा फ्रेंच उपग्रह होता, त्यावर प्लॅटिनम आणि टायटॅनियमची तुलना केली, २०२२ मध्ये शेवटचे निकाल आले, एकावर पंधरा शून्यं ठेवून जो आकडा होईल तितक्या भागांत दोनचार भागांचाही फरक सापडला नाही.

न्यूटनचं मोठेपण सफरचंदात नाही, चंद्रात आहे. त्याने विचारलं की सफरचंद पडतं तर चंद्र का पडत नाही, आणि उत्तर काढलं की चंद्रही पडतोय. हा हिशोब दहावीच्या मुलीला सहज जमतो म्हणून तिच्याकडून करून घ्या. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ६० त्रिज्या लांब. सफरचंद एका त्रिज्येवर. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल तर चंद्राजवळ ती ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पट कमी पाहिजे. इथे वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, भागिले ३६००, आलं १.३६ मिलिमीटर. आता दुसऱ्या बाजूने या: चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरून सेकंदाला साधारण १.०२२ किलोमीटर आडवा जातो, सरळ गेला असता तर कुठे असता आणि गोल फिरल्यामुळे कुठे आहे, यातला फरक काढा. येतो १.३६ मिलिमीटरच! मी इतकी वर्षं हे फळ्यावर करतोय आणि दोन्हीकडून तोच आकडा आला की अजून अंगावर काटा येतो. जमिनीवरचा नियम आणि आकाशाचा नियम एकच आहे हे माणसाला इथे पहिल्यांदा कळलं.

पुस्तकात महेंद्र आणि विराट एक मीटरवर बसलेत ते उदाहरण आहे, ७५ आणि ८० किलोचे, त्यांच्यातलं बल येतं एका न्यूटनच्या (हे बलाचं एकक, माणूस नव्हे) एक कोटी भागांपैकी चार भाग. पोरं हा आकडा लिहितात आणि पुढे जातात, पण इथे थांबायला हवं. एवढं बारीक बल कुणी मोजलं असेल? १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने, लंडनमध्ये. आडवी दांडी तारेने टांगलेली, तिच्या टोकांना शिशाचे लहान गोळे, शेजारी १५८ किलोचे दोन मोठे गोळे, आणि स्वतः खोलीच्या बाहेरून दुर्बिणीने बघतोय, कारण आत गेला तर अंगाच्या उष्णतेने हवा हलायची आणि दांडी डुलायची. मोजायचं बल किती, तर वाळूच्या बारीक कणाच्या वजनाइतकं. त्यावरून त्याने पृथ्वीची घनता काढली, पाण्याच्या साडेपाच पट, आजच्या आकड्याच्या एकदम जवळ. घरात दाखवायचं तर चुंबक घ्या आणि टाचणी उचला. खाली अख्खी पृथ्वी टाचणीला ओढतेय आणि बोटाएवढा चुंबक जिंकतो. गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं आहे. जाणवतं फक्त पृथ्वी अवाढव्य आहे म्हणून, आणि ते वजाबाकी न होता नुसतं साठतच जातं म्हणून, विजेसारखं धन-ऋण नाही त्यात.

इथे भास्कराचार्यांबद्दल पण बोलतो, कारण घराघरातल्या व्हॉट्सॲपवर येतं की न्यूटनच्या ५०० वर्षं आधी आपण शोध लावला. ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथात त्यांनी खरंच लिहिलंय की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, आकाशातल्या जड वस्तूला ती आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू "पततीव भाति", म्हणजे पडल्यासारखी दिसते, आणि पुढे विचारलंय की सगळीकडे सारखंच आकाश असताना ही पृथ्वी स्वतः कुठे पडणार? काय सुंदर प्रश्न आहे हा! पृथ्वीला आधार कशाचा, शेष की कासव, असं लोक विचारत होते त्या काळात या माणसाने "खाली" या शब्दालाच हात घातला. खाली म्हणजे पृथ्वीकडे, बस्स, वेगळं खाली असं काही नाही. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, कोरून घेतलेला शिलालेख आहे, जवळ असाल तर मुलीला घेऊन जा. पण अंतराच्या वर्गाचा नियम, चंद्राचा हिशोब, सफरचंदही पृथ्वीला तितकंच ओढतं हे सगळं त्यात नाही, ते न्यूटनचं. दोघांचं जे आहे ते ज्याच्या त्याच्या नावावर ठेवलं तर भास्कराचार्य जास्त मोठे दिसतात असं माझं मत आहे.

आता "काय" कडे येऊ. बैल आणि ओझं नेमकं सारखं का, हे न्यूटनकडे नुसतं योगायोगासारखं पडून होतं. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात बसलेल्या आइन्स्टाइनच्या मनात आलं की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणारच नाही. आपली बाटली! सगळंच सारखं पडत असेल तर कदाचित वस्तूंना कुणी ओढतच नसेल, त्या आपापल्या सरळ वाटेने चालल्या असतील आणि वाटच तशी असेल.

हे पटायला कठीण जातं म्हणून मोबाइल वापरा. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीत आखेनच्या विद्यापीठात बनवलेलं, त्यात त्वरण मोजायचा सेन्सर दिसतो, "जी"सकट ("जी" म्हणजे तेच वरचं ९.८) दाखवणारा पर्याय निवडा. मोबाइल टेबलावर नुसता ठेवलाय, आकडा येतो ९.८ च्या आसपास. आता गादीवर हातभर उंचीवरून सोडा, पडतानाच्या त्या क्षणात ग्राफ सपाटून शून्याजवळ येतो. डोकं उलटं होतं की नाही? आपण म्हणतो टेबलावरचा स्थिर आणि पडणारा वेग घेतोय. सेन्सर म्हणतो टेबलावरच्याला कुणीतरी सारखं वर ढकलतंय आणि पडणाऱ्याला कुणी हातही लावत नाहीये. आइन्स्टाइनने फक्त सेन्सरवर विश्वास ठेवायचं ठरवलं. पडणारा आंबा मोकळा आहे, झाडावरच्या आंब्याला देठाने अडवून ठेवलंय.

लगेच शंका येते की मग इथली जमीन आपल्याला वर ढकलतेय, अमेरिकेतली जमीन तिकडच्या लोकांना उलट दिशेने ढकलतेय, तर पृथ्वी फुगत का नाही? तुमच्या मुलीने हे विचारलं तर समजा की तिला कळतंय. इथे कलिंगड लागतं. कलिंगडाच्या मध्यावर आडवा पट्टा समजा, त्यावर दोन मुंग्या चार बोटं अंतराने ठेवा, दोघींना सांगा नाकासमोर सरळ देठाकडे चाला. निघताना वाटा एकदम समांतर. कुणीही वळत नाही, कुणी कुणाला ओढत नाही, तरी जवळ जवळ येत देठापाशी भेटतात. मुंग्यांना वाटेल आपल्यात काहीतरी आकर्षण आहे, पण तो कलिंगडाच्या गोलाईचा परिणाम. तसंच इथे सोडलेला दगड आणि तिकडे सोडलेला दगड, दोन्ही मोकळे, दोन्ही सरळ, तरी एकमेकांकडे येतात, कारण पृथ्वीच्या वस्तुमानाने भोवतालची रचनाच वाकलीय.

वाकतं काय? नुसती जागा म्हटलं की घोटाळा होतो. व्हिडिओत ती रबराची चादर असते ना, मधे जड गोळा आणि भोवती गोट्या फिरतायत, मी पण आठ-दहा वर्षं चादर ताणून तेच दाखवायचो. मग एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला की सर चादरीखालून गोळ्याला खाली कोण ओढतंय. उत्तर नव्हतं. पृथ्वीच ओढतेय, म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला मी गुरुत्वाकर्षणच वापरत होतो. तेव्हापासून चादर बंद. दुसरी खोट त्याहून मोठी आहे, चादर फक्त जागा दाखवते, आणि आंबा पडतो तो मुख्यतः वेळ वाकते म्हणून.

म्हणजे काय ते सांगतो, सावकाश वाचा. उंचावर घड्याळ जरा जलद चालतं. ही कल्पना नाही, मोजलेली गोष्ट आहे, २०१० मध्ये अमेरिकेत दोन अणुघड्याळं नुसती एक फुटाच्या फरकाने वर-खाली ठेवून फरक पकडला आणि २०२२ मध्ये तर एका मिलिमीटरच्या उंचीत पकडला. मी पोरांना कळसूबाईचं गणित देतो: १६४६ मीटर उंची, समुद्रकाठच्या घड्याळापेक्षा शिखरावरचं घड्याळ दिवसाला साधारण १५ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) पुढे जातं, वर्षभरात साडेपाच मायक्रोसेकंदांच्या (सेकंदाचे दहा लाखावे भाग) वर. फरक नगण्य वाटतो, पण तुमच्या मोबाइलचं जीपीएस यावर चालतं. ते उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहेत, उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतात, वेगामुळे ७ मागे पडतात, हिशोब करून ३८ पुढे. मायक्रोसेकंदात प्रकाश ३०० मीटर जातो. दुरुस्ती केली नाही तर दिवसाला दहा-अकरा किलोमीटरची चूक साठत जाईल.

आता चेंडू वर फेकायचा, दोन सेकंदांनी परत हातात यायला पाहिजे, आणि चेंडूलाच घड्याळ बांधलंय असं समजा. वर गेला की घड्याळ जलद, म्हणून वर जाण्यात फायदा. पण फार वर जाऊन दोन सेकंदांत परत यायचं तर वेगाने पळावं लागणार आणि वेगात घड्याळ मंदावतं, तो तोटा. या दोघांचा मेळ बसून ज्या वाटेवर चेंडूच्या घड्याळात सगळ्यात जास्त वेळ जमा होतो ती वाट कुठली, हे गणिताने काढलं तर येतं ४.९ मीटर वर जाऊन परत खाली, म्हणजे चेंडू नेहमी जातो तीच. मोकळ्या वस्तूची "सरळ" वाट म्हणजे हीच, स्वतःच्या घड्याळाने सर्वांत जास्त वेळ देणारी. हातातलं घड्याळ मागे राहतं कारण हात अडवलेला आहे.

आणि वेळेतला एवढासा वाकडेपणा आंब्याला जमिनीवर कसा आणतो? एक सेकंद अंतरात मोजायचा तर प्रकाश सेकंदात जातो तेवढा, तीन लाख किलोमीटर. देठ तुटलेला आंबा एका सेकंदात वेळेच्या दिशेने तीन लाख किलोमीटर गेला आणि तेवढ्या प्रवासात वाट पाच मीटर झुकली. वाकण अगदी नावापुरतं आहे, पण प्रवास प्रचंड आहे.

जागाही वाकते, पण ते दिसतं प्रकाशासारख्या वेगवान गोष्टीत. सूर्याच्या कडेने येणाऱ्या ताऱ्याच्या किरणाचं वळण आइन्स्टाइनने आधी १९११ मध्ये काढलं ते होतं ०.८३ सेकंद, कोनाचे सेकंद बरं का, अंशाचा ३६०० वा भाग. १९१५ मध्ये पूर्ण सिद्धांतातून आलं दुप्पट, आजच्या नेमक्या आकड्यांनी १.७५. अर्धं वेळेचं, अर्धं जागेचं. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात आफ्रिकेजवळचं प्रिन्सिपे बेट आणि ब्राझीलमधलं सोब्राल इथून फोटो घेतले, मापं दुप्पट आकड्याच्या बाजूने आली. त्याआधी बुध ग्रहाची कक्षा शतकात ४३ सेकंदांनी जास्त सरकत होती, १८५९ पासून ते कुणाला सुटत नव्हतं, नव्या गणितात तो आकडा आपोआप बाहेर पडला.

मग न्यूटन चुकला का? नाही. यान चंद्रापर्यंत न्यायचं मूळ गणित आजही त्याच्याच नियमाने करतात. आइन्स्टाइनच्या समीकरणांत वेग कमी आणि वाकण थोडं धरलं की न्यूटनचाच नियम निघतो. मुलीला हे मुद्दाम सांगा, कारण "आधीचं सगळं खोटं" हे ऐकलं की मुलांचा पुस्तकावरचा विश्वास उडतो आणि परत बसत नाही.

एक राहिलं. पडताना ओढ जाणवत नाही, मग खरं गुरुत्वाकर्षण सापडायचं कुठे? फरकात. कोकणातल्या माणसाला हे रोज दिसतं, दिवसातून दोनदा भरती. चंद्राकडच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, मधली पृथ्वी त्याहून कमी, पलीकडचं पाणी सगळ्यात कमी, म्हणून दोन्हीकडे फुगवटा. सूर्याची एकूण ओढ चंद्राच्या साधारण १८० पट आहे, तरी भरतीत चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून जास्त, कारण सूर्य इतका लांब आहे की त्याच्या ओढीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फरकच फार पडत नाही. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत, तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. हेच फरक लाटेसारखे अवकाशातून जातात, १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो नावाच्या यंत्राने ते पहिल्यांदा पकडले, १३० कोटी प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, यंत्राच्या चार किलोमीटर लांब भुजेत प्रोटॉनच्या साधारण हजाराव्या भागाएवढा बदल झाला. तसंच यंत्र आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचंय, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केलेत. त्या तालुक्यातली पोरं माझ्या वर्गात बसतात, त्यांना मी हा भाग जरा जास्तच वेळ शिकवतो.

तुमच्या मुलीसाठी क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी बाटली आणि नाणं, दुसऱ्या दिवशी चंद्राचं गणित, मग धड्यातली उदाहरणं. मोबाइल, कलिंगड आणि वेळेचं प्रकरण परीक्षा संपल्यावर मे महिन्यात, तेव्हा कलिंगडही घरात असतं. बोर्डाच्या पेपरात मात्र गुरुत्वीय बल असंच लिहायचं, सूत्र, एकक आणि आकडेमोड, तिथे आइन्स्टाइन आणू नये. आणि बाटलीची भोकं तापवलेल्या खिळ्याने तुम्ही स्वतः पाडा, ब्लेडने पाडली तर कडा फाटतात, धार नीट लागत नाही आणि मग ती थांबली की नाही यावरच वाद होतो.